चल्लस-आठची फरशी

१

बाळा, जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर एक घर डोळ्यांसमोर आण. पिंपरीतल्या जुन्या कामगार वसाहतीत बैठ्या घरांची एक रांग आहे, त्यातलं शेवटचं घर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एक पायरी. आता त्यातलं सामान काढून टाक. भांडी काढ, पलंग काढ, भिंतीवरची तसबीर काढ. तसबिरीच्या जागी एक फिकट चौकोन उरेल, तो राहू दे. घर असं रिकामं झालं की आवाज घुमतो. हळूच ‘आजोबा’ म्हटलं तरी घर तेच परत म्हणतं.

हे घर साहेबरावांचं होतं. ते फाउंड्रीत कामाला होते, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात. मागच्या वर्षी ते गेले. मुलगा विक्की ताथवड्याला फ्लॅटमध्ये राहायचा. त्यानं आई तानुबाईंना आपल्याकडे नेलं आणि घर विकलं.

ते सायलीनं घेतलं. जुनी घरं घ्यायची, नीट करायची आणि नव्यानं संसार मांडणाऱ्यांना परवडेल अशी विकायची, हा तिचा धंदा. तिचा एक हट्ट असे. घरात जे आहे ते आधी वापरायचं, मग जवळपास जे मिळतं ते, आणि लांबून आणायचं ते अगदी शेवटी. म्हणून दारं चाकणच्या लाकडी खोक्यांची. बाहेरदेशातून कारखान्यांत यंत्रं येतात ना, त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या रंधून केलेली. भिंतींना सिमेंट नाही, चुना. आणि जमिनीला जुनीच शहाबादी फरशी.

ती फरशी साहेबरावांनी चुन्यात बसवली होती, म्हणून उचलताना एकही फुटली नाही. वरची बाजू पावलांनी झिजलेली, खालची मात्र कोरी. ती कोरी बाजू घासायची आणि फरशी पालथी बसवायची. नवी टाइल विकत आणायला नको, जुना दगड फेकायला नको.

एक फरशी मात्र सायलीनं बाजूला काढली होती. तिच्यावर चल्लस-आठचा पट कोरलेला होता.

तुला हा खेळ माहीत नसेल तर सांगतो. पाच घरं आडवी, पाच उभी, मधल्या घरात फुली. चिंचोके फोडून घासले की एक बाजू पांढरी होते, दुसरी तपकिरी राहते. असे चार टाकायचे. जितके पांढरे पडतील तेवढं दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार, आणि चारही तपकिरी पडले तर आठ. जे दान पडेल तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची, कडेकडेनं फिरत आत, फुलीपर्यंत. साहेबरावांच्या सोंगट्या म्हणजे कारखान्यातले नट. नात मिनल, वय वर्षं दहा, हिच्या सोंगट्या वॉशर. सगळं एका पत्र्याच्या डबीत.

साहेबराव दवाखान्यात गेले त्या दिवशी एक डाव अर्धा राहिला. त्यांचा शेवटचा नट फुलीच्या एकच घर अलीकडे होता. साहेबराव परत आले नाहीत.

“ही फरशी मला द्याल?” मिनलनं सायलीला विचारलं होतं.

“देईन. शब्द देते.”

सायलीनं खडूनं तिच्यावर मिनलचं नाव लिहिलं, ती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि डबी वरच्या कोनाड्यात ठेवली. शुक्रवारी घराचा ताबा नव्या मालकाला द्यायचा होता. त्याआधी फरशी न्यायची, असं ठरलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मिनल आजीचा हात धरून आली. सायली नुकतीच पोचली होती. भिंतीपाशी फरशी नव्हती. कोनाड्यात डबी नव्हती.

“दौलतराव, इथली फरशी कुठं गेली?”

दौलतराव गवंडी लातूरकडचे, हसतमुख माणूस. आज मात्र त्यांनी मान वळवली नाही.

“मला काय इचारता? काल सुट्टी होती, मी आज आलो. आन् माझा चुनाबी कमी झालाय. शनिवारी ओल्या पोत्याखाली झाकून गेलतो. आज बघतो तर ढीग खचलेला.”

“तंबाखूला नेला आसंल कुनीतरी,” तानुबाई म्हणाल्या.

“पाटीभर? अख्ख्या वसाहतीची तोंडं भाजतील की, मावशी.”

तानुबाई हसल्या. दौलतराव हसले नाहीत.

मिनल भिंतीकडे बघत होती. फरशी टेकली होती तिथं ताज्या चुन्यावर एक ओरखडा उरला होता.

“पप्पांनी टाकली,” ती म्हणाली. “रोज म्हणायचे, तो दगड अकराव्या मजल्यावर नेऊन करणार काय.”

“मिने, आसं बोलू न्हाई.”

“मी त्यांच्याशी बोलणारच नाही आता.”

आणि बाळा, ती खरंच बोलली नाही.

२

मंगळवारी रणजीत दारं घेऊन आला. चाकणच्या कारखान्यांत खोक्यांच्या फळ्यांचा लिलाव होतो, तिथून लाकूड घेऊन तो दारं बनवायचा. टेम्पोतून उतरताच त्यानं नव्या दारावर थाप मारली.

“वास घ्या ताई. जर्मनीचं जंगल आहे हे.”

“रणजीत, गेल्या आठवड्यात तू माझ्या फरश्या मागत होतास.”

“मागत होतो ना. मावळातल्या फार्महाऊसवाल्यांना जुना दगड लागतो. नवा घेतात आणि जुना दिसावा म्हणून घासून घेतात. भारी लोक, राव.”

“मग त्यातली एक नेलीस?”

रणजीतनं तिच्याकडे नीट पाहिलं. “एक? एका फरशीनं अंगण होतं का? नेला असता तर ढीग नेला असता. आणि तो खेळाचा दगड तर मुळीच नाही. कोरलेला दगड कुणाला पाहिजे?”

“आणि डबी?”

“कसली डबी?”

त्याचा चेहरा कोरा होता. खोटं बोलणारा माणूस आधी विचार करतो, मग गोंधळतो. रणजीत आधीच गोंधळला. सायलीनं त्याला दाराची चौकट धरायला लावली आणि मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं. दगडासाठी आलेला चोर कोनाड्यातले चिंचोके कशाला नेईल? डबी नेणाऱ्याला खेळ माहीत होता.

संध्याकाळी निरंजन आला, घराचा नवा मालक. सुरुवातीला त्यानं हट्ट धरला होता की जुना दगड नको, चकचकीत टाइल्स हव्यात. सायलीनं त्याला भर दुपारी अनवाणी पायानं शहाबादीवर उभं केलं होतं. पायाला गारवा लागला तेव्हा त्यानं टाइल्सचा विषय सोडला. पण मनातून तो तयार झाला होता की नाही, कोण जाणे.

“रविवारी आला होतात का?” सायलीनं विचारलं.

“आलो होतो. पडद्यांची मापं घ्यायला. किल्ली नळाच्या मीटरच्या पेटीत असते, तुम्हीच सांगितलं होतं. पण दार उघडंच होतं.”

“इथं भिंतीला एक फरशी टेकवलेली होती.”

“टेकवलेली नव्हती.” निरंजननं खोलीच्या मधोमध बोट दाखवलं. “इथं आडवी ठेवली होती. तिच्यावर नट आणि वॉशर मांडलेले, समोरासमोर. मला वाटलं, कामगार सुट्टीत खेळत बसले असतील.”

“रविवारी कामगार नसतात.”

“मग असेल कुणीतरी. मी मापं घेतली आणि गेलो. आणि हो, शेजारी चहाचा कागदी कप होता. वाफ येत होती.”

“किती कप?”

“एकच.”

सायली खोलीच्या मधोमध पाहत राहिली. खेळ दोघांचा. चहा मात्र एकाचाच.

३

बुधवारी सायली ताथवड्याला गेली. अकरावा मजला, नवी लिफ्ट, खिडकीतून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या इमारती. हॉलमध्ये सगळं गुळगुळीत होतं. तानुबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या.

“जय भीम, आजी.”

“जय भीम, बाय. बस. मिनल आत हाय. सोमवारपासनं बापाशी बोलत न्हाई. त्यानं वाढलं तर जेवत न्हाई, मी वाढलं तर जेवती.” त्या थांबल्या. “घर गेलं त्याचं मला एवढं न्हाई. ह्ये न्हाई बघवत.”

विक्की चहा घेऊन आला. तो चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. दाढी वाढलेली, डोळे जागे.

“मॅडम, एका दगडासाठी तुम्ही इतक्या लांब आलात?”

“मी मिनलला शब्द दिलाय. रविवारी तुम्ही घरी होता?”

“कंपनीत. ओव्हरटाइम होता.”

तानुबाईंनी लेकाकडे पाहिलं. मग पदराचं टोक सरळ करत बसल्या.

विक्कीनं कप उचलला, पण बोटांची टोकं कपाला लागू दिली नाहीत. ती पांढरी पडली होती, सालं निघत होती, वर खोबरेल तेल चोपडलेलं.

“भाजलं का?”

“मशीनचं कूलंट लागलं,” तो म्हणाला आणि हात खिशात घातला.

सायलीनं विषय बदलला. “आजी, फरशी इतकी नीट निघाली म्हणून विचारते. कुणी बसवली होती?”

“ह्यांनीच. घर बांधलं तवा गवंड्याला द्यायला काय न्हवतं. ह्ये चुना टाकायचे आन् विक्की दोरी धरायचा. सात वर्साचा आसंल. एक फरशी वाकडी बसली तर बाप-लेक दोघं रुसायचे.”

“आणि पट मिनलसाठी कोरला?”

“मिनल कुठली तवा.” तानुबाई हसल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. “कारखान्याला टाळं लागलं, तवाची गोष्ट. ह्ये घरी बसून. चुलीवर ठेवायला काय नसायचं. पोराला भुकंची याद नको म्हनून ह्यांनी छिन्नी घेतली आन् पट कोरला. दिसभर खेळायचे दोघं. मग टाळं उघडलं, ह्यांच्या पाळ्या सुरू झाल्या. पोरगं जागं तवा बाप झोपलेला, बाप जागा तवा पोरगं शाळंत. पुन्यांदा काय खेळ जमला न्हाई त्यांचा. ह्ये रिटायर झाले तवर विक्की…”

“आई, पुरे,” विक्की म्हणाला.

आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं होतं, ते आवाज न करता बंद झालं.

सायली निघाली. लिफ्टपर्यंत तानुबाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “रविवारी कंपनी बंद हुती, बाय. त्याचा डबा मी भरते. रविवारी मी डबा भरला न्हाई.”

४

गुरुवारी काम संपत आलं. चुन्याच्या भिंती वाळून दुधासारख्या झाल्या होत्या. सायली मागच्या अंगणात गेली आणि थबकली. कोपऱ्यात एक फरशी उभी होती. घासलेली, कोरी, बसवायला तयार.

“दौलतराव, ही कुठली?”

“उरली.”

“उरली कशी? आपण मोजून घासल्या होत्या. मिनलची एक वेगळी, बाकी सगळ्या बसणार होत्या.” ती स्वतःशीच बोलत होती. “एक फरशी हरवली आणि एक उरली?”

दौलतराव थापी धूत राहिले. चार दिवस तिनं हाक मारली की त्यांनी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच उत्तर दिलं होतं. सायलीला त्यांच्यावरही संशय येऊ लागला होता.

“तुम्ही माझ्यावर रागावलात का?”

“मी कोन रागावनार. तुमच्या दुसऱ्या गवंड्याला इचारा.”

“दुसरा गवंडी? कुठला?”

त्यांनी थापी बादलीत टाकली. “शनिवारी मी सैपाकघरात, शिलिंडरच्या जागंवर, एका फरशीची जागा मोकळी सोडून गेलतो. पाइपचं काम होतं. सोमवारी येऊन बघतो तर बसवलेली. माझ्या मागं दुसरा मानूस आनला. ताई, एक फोन केला आसता तर मी रविवारीबी आलो आसतो. मी काय परका हाय का?”

“दौलतराव, मी कुणालाही आणलं नाही.”

मग दोघंही स्वयंपाकघरात गेले.

ओट्याखाली, सिलिंडरच्या जागी, सायली गुडघ्यांवर बसली. चार दिवस ती ओट्यासमोर उभी राहून जात होती, वाकून कधी पाहिलं नव्हतं. तिथं एक फरशी नव्हती. एका फरशीचे दोन तुकडे होते. मशीननं कापलेला सांधा सरळ असतो. हा सांधा वेडावाकडा होता, नदीच्या पात्रासारखा.

“फुटलेली हाय,” दौलतराव म्हणाले. त्यांनी फरशीवर तळवा फिरवला आणि त्यांचा आवाज बदलला. “पन बसवनाऱ्यानं जीव लावलाय. लेव्हल बगा. आन् सांधा थापीनं न्हाई भरला. बोटानं भरलाय.”

चुन्यात बोटांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

सायली तिथंच बसून राहिली. सोमवारपासून ती एकच चूक करत होती. गवंडी नव्हता, म्हणजे रविवारी काही बसवलं जाणार नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं. कारण तिचं अर्धं आयुष्य सिमेंटबरोबर गेलं होतं. शनिवारचं सिमेंट रविवारी दगड होतं. चुना तसा नाही. ओल्या पोत्याखाली तो तसाच मऊ राहतो, दुसऱ्या दिवशीही. कुणीही आलं तरी त्याच्या उपयोगी पडतो.

५

इथं जरा थांब, बाळा. सायलीनं जे पाहिलं ते सगळं तूही पाहिलं आहेस. खचलेला चुना, एका माणसाचा चहा, मांडलेला डाव, तेल लावलेली बोटं आणि न भरलेला डबा. तुझं उत्तर मनात ठेव, मग पुढे ये.

सायलीनं विक्कीला फोन केला. “दुपारी या. मिनलला आणि आजींना घेऊन या. फरशी सापडली.”

“येतो,” तो म्हणाला.

मिनल आणि तानुबाई बाहेर पायरीवर बसल्या. विक्की आत आला आणि काही न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेला. ओट्याखाली पाहायलाही तो वाकला नाही.

“मी काही पोलीस नाही,” सायली म्हणाली. “मला काय वाटतं ते सांगते. चुकलं तर थांबवा. फरशी चोरानं नेली नाही, कारण चोर डबी नेत नाही. डबी नेणाऱ्याला खेळ येत होता. रविवारी दुपारी तो इथं आला, फरशी आडवी केली, डाव मांडला. समोर कुणी नव्हतं. मध्येच तो कुठंतरी गेला, तेवढ्यात निरंजन येऊन गेले. नंतर फरशी फुटली. तिचे तुकडे त्या माणसाला फेकवले नाहीत. गवंड्याचं काम त्यानं लहानपणी पाहिलं होतं, दोरी धरली होती. पोत्याखालचा चुना घेऊन त्यानं ती पालथी बसवली. थापी सापडली नाही, म्हणून सांधा बोटानं भरला. चुना कातडी खातो, हे तो विसरला होता.”

विक्कीनं खिशातून हात काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“विसरलो नव्हतो,” तो म्हणाला. “बाबा आधी बोटांना तेल लावून द्यायचे. रविवारी तेल नव्हतं.”

तो भिंतीला टेकून खाली बसला.

“मी नाही नाही म्हणत होतो मॅडम, पण मला ती न्यायचीच होती. मिनलला सांगितलं नाही. म्हटलं, सकाळी उठेल तर हॉलमध्ये ठेवलेली दिसेल. आधी जरा डाव मांडून बघितला. पस्तीस वर्षांनी. मग गल्लीच्या तोंडाशी गेलो, गाडीतलं पोतं आणायला. परत आलो, उचलली. उंबऱ्यापाशी पाय अडखळला. एवढंच. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.”

“मग तिला सांगितलं का नाहीत? ती तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही टाकलीत असं समजते.”

“समजू दे.” त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. “बाबा गेल्यावर ती किती महिने झोपेत रडायची. आत्ता कुठं थांबली होती. टाकली म्हटलं तर माझ्यावर रागवेल. फुटली म्हटलं तर परत त्यांच्यासाठी रडेल. राग जातो मॅडम. रागावलेलं पोर परवडलं.”

बाहेर पायरीवरून मिनलचा आवाज आला. ती आजीला विचारत होती, अजून किती वेळ.

“तिला तुम्ही सांगणार?” विक्कीनं विचारलं.

“नाही. फरशी देईन, एवढाच माझा शब्द होता. बाकीचं तुमचं आहे.”

विक्की भिंतीला हात टेकून उठला. मग त्यानं हाक मारली, “मिनल, आत ये गं.”

ती आली, पण दारात उभी राहिली. आजी तिच्या मागे. विक्कीनं सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबला नाही. उंबरा कुठला, पाय कसा अडखळला, तुकडे कसे उचलले, सगळं. पट आधी कुणासाठी कोरला होता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

ते मिनलला ठाऊक होतं. बुधवारी दार किंचित उघडं होतं ना.

तानुबाईंनी तोंडाला पदर लावला. दौलतराव मोरीच्या दारात येऊन उभे राहिले होते, ते दोन पावलं मागे सरकले.

मिनल ओट्याखाली वाकली. वेड्यावाकड्या सांध्यावरून तिनं एक बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“पट खाली आहे?”

“खाली आहे,” विक्की म्हणाला. “चुन्यात.”

“आता निघणारच नाही?”

याचं उत्तर सायलीनं दिलं. “निघेल. सिमेंट दगडाला सोडत नाही, चुना सोडतो. आजोबांनी बसवलेल्या नव्हत्या का निघाल्या? दौलतराव आत्ता काढून देतील. बाहेर एक कोरी फरशी उरलीये, ती इथं बसेल. दोन तुकडे मिळतील. हवे असतील तर सांग.”

दौलतराव छिन्नी घेऊन तयारच होते.

मिनल रडली नाही. बापाच्या बोटांकडे बघत राहिली.

“डबी कुठंय, पप्पा?”

चार दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती. विक्कीनं दप्तरासारखी पाठीवरची बॅग पुढे घेतली. डबी तिच्यातच होती. सोमवारपासून ती त्याच्याबरोबर कंपनीत जाऊन येत होती.

मिनलनं खिडकीतला दौलतरावांचा खडू उचलला. त्या दोन तुकड्यांवर, सांध्याची पर्वा न करता, तिनं पाच घरं आडवी आणि पाच उभी आखली. मधल्या घरात फुली मारली. सांधा बरोबर फुलीतून गेला. मग डबी उघडली आणि आपले वॉशर एकेक करून ठेवले, जिथं ते त्या दिवशी होते तिथंच. तिला विचार करावा लागला नाही. आजोबांचे आत पोचलेले नट तिनं फुलीवर ठेवले आणि शेवटचा नट फुलीच्या एक घर अलीकडे.

ओट्याखाली जागा थोडी होती. मिनल एका बाजूला सरकली आणि समोरची जागा मोकळी ठेवली.

मग तिनं विक्कीचा हात ओढला, सालं निघालेल्या बोटांना धक्का लागणार नाही असा मनगटाशी धरून. तळवा उघडला. त्यात चारही चिंचोके ठेवले.

“त्यांचं दान राहिलंय,” ती म्हणाली. “तुम्ही टाका.”